ताणा रेशमाचा, बाणा कुणाचा? एका शेरवानीची केस

इंदूरला राजवाड्याजवळ एका गल्लीत आमचं शिलाईचं दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आता काउंटरवर मी बसते आणि कटिंग मास्टरजी करतात, ते अण्णांच्या वेळेपासूनचे आहेत, मला अजून भाभीच म्हणतात जरी माझी पन्नाशी उलटली. ही केस मागच्या लग्नसराईतली, आणि नीट लिहून ठेवतेय कारण पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच काय विचारायचं ते मला कळलं पाहिजे. नावं कुणाचीच देत नाही.

इथल्याच खजरान्यातलं कुटुंब, तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. मुलाचा निकाह. मुलगी रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरातली, म्हणजे घरात मराठी बोलणारी, आणि बोलाचाली करायला तिचे मामा आलेले. मुलाला शेरवानी हवी होती ऑफव्हाइट, आणि तयार दुकानातली नको, 'असली हातमाग' पाहिजे, फोनवर फोटो घेऊनच आला होता. मी आपली सवयीने रॉ सिल्क काढून टाकलं समोर. मुलाची आई (मी तिला बाजी म्हणते) गप्प. दादाअब्बांनी, म्हणजे मुलाच्या आजोबांनी, कापडावरून हात फिरवला, दोन बोटांत चुरगाळलं, आणि म्हणाले, "बेटी, ये असली रेशम है ना? तो फिर ये हमारे काम का नहीं, ये लड़कियों को दिखाओ."

आता मला एवढं माहीत होतं की मुसलमान पुरुष सोनं घालत नाहीत, म्हणजे बरेच जण घालतातच, पण घालू नये असं आहे. रेशमाचं डोक्यात नव्हतं. इतकी वर्षं कपड्याच्या धंद्यात काढून! दादाअब्बांनी सांगितलं, हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, हज़रत अलींनी सांगितलेली, की पैगंबरांनी एका हातात रेशीम आणि दुसऱ्या हातात सोनं धरून म्हटलं की ही दोन्ही माझ्या उम्मतच्या (अनुयायांच्या) पुरुषांना हराम, बायकांना हलाल. आणि मला हसू आलं कारण आमच्याकडे बरोब्बर उलटं. अण्णा गणपतीला मुकटा नेसल्याशिवाय पूजेला बसत नाहीत, रेशीम म्हणजे सोवळं, धुतलेलं सुती नेसलं तरी त्याला कुणाचा हात लागला की मोडलं. त्यांच्या देवासमोर पुरुषाने रेशीम घालायचं नाही, आमच्या देवासमोर पुरुषाने रेशीमच घालायचं. मास्टरजींनी दोन्ही घरांचं शिवलंय आयुष्यभर, त्यांना यात काही विशेष वाटलं नाही.

हिजाबवर बोलायला सगळे तयार असतात, २०२२ मध्ये कर्नाटकातली केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली तेव्हा तर आमच्या दुकानात चहा प्यायला आलेला प्रत्येक जण मौलाना झाला होता. पण पुरुषाच्या कपड्याचे नियम कोणी बोलत नाही आणि शिवायला बसलं की तेच जास्त किचकट निघतात. सूरा नूरमध्ये नजर खाली ठेवा, लाज राखा, हे आधी पुरुषांनाच सांगितलंय, तिसाव्या आयतीत, बायकांचं एकतिसाव्यात. नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकायचं हा कमीतकमी हिशोब. रेशीम नाही, सोनं नाही. पायजमा घोट्याच्या खाली नाही. केशराने किंवा करडईच्या फुलाने रंगवलेलं नाही. बायकांचे कपडे घालायचे नाहीत. आणि हे सगळं मुलाला एका शेरवानीत बसवून हवं होतं, वर फोटोतल्यासारखं दिसायला पण हवं होतं.

आर्ट सिल्क सुचवलं. ते चालतं, मनाई किड्याच्या रेशमाला आहे, रेयॉन पॉलिएस्टरला नाही. मुलगा म्हणाला, "आंटी, चमकता है, बैंडवाला लगूँगा." खरं होतं.

मग मास्टरजी बोलले. ते बोलतात कमी, पण बोलले की काहीतरी असतं. म्हणाले, महेश्वरी घ्या (महेश्वरचं हातमागाचं कापड), उसमें ताना रेशम का होता है, बाना सूत का. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. आणि दादाअब्बा एकदम खुलले, हो हो, तो तर जायज़ आहे. मला कळेना. अर्धं रेशीम चालतं आणि पूर्ण चालत नाही, असं? तेव्हा त्यांनी समजावलं आणि मला हे इतकं आवडलं की मी ते त्याच दिवशी ऑर्डर बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. हनफ़ी लोकांचा (म्हणजे इमाम अबू हनीफांचे नियम मानणाऱ्या सुन्नींचा) जुना ग्रंथ आहे 'हिदाया', बाराव्या शतकातला. त्यात म्हटलंय की उभा धागा रेशमाचा आणि आडवा दुसऱ्या कशाचा असेल तर पुरुषाला कधीही चालतं, आणि उलट असेल, म्हणजे आडवा रेशमाचा, तर फक्त लढाईत. का? कारण नुसते उभे धागे म्हणजे कापड नव्हे, कापड होतं ते विणल्यावर, आणि विणकाम होतं ते बाण्याने. म्हणजे बाणा ज्याचा, कापड त्याचं. आता सांगा, हे कुठल्या मौलवीने लिहिलंय का विणकराने? इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचा धंदा करायचे हे मला नंतर कळलं आणि अजिबात आश्चर्य वाटलं नाही. गुजरातेत पाटणला मशरू विणतात ना, वर रेशमी चमक आणि अंगाकडून सूत, त्याचं नावच मुळी 'शरीयतीत चालणारं' या अर्थाच्या शब्दावरून आलंय.

तर ठरलं. इथल्याच एका होलसेलवाल्याकडून (नाव नको) साडेसहा मीटर ऑफव्हाइट महेश्वरी आणलं, ११०० रुपये मीटर. मी विचारलं होतं, सिल्क-कॉटन आहे ना? हो भाभीजी, महेश्वरी मतलब सिल्क-कॉटनच. बिलावर नुसतं 'महेश्वरी' लिहिलेलं. ही माझी चूक, मी लिहून घेतलं नाही.

मास्टरजींनी चार मीटरमध्ये शेरवानी कापली. पुढचे दोन पल्ले, पाठ, बाह्या, सगळं खडूने आखून, कचकच कापून टेबलावर ठेवलं. आणि मग, त्यांची जुनी सवय, कातरणीतून एक चिंधी उचलून धागे काढायला बसले. ताणा वेगळा, बाणा वेगळा. काडी पेटवली. ताण्याचा धागा जळला तसा केस जळल्याचा वास आला, टोकाला काळा मणी झाला, बोटात दाबला की चुरा. ठीक, रेशीम. मग बाणा पेटवला. सुताचा वास कागद जळल्यासारखा येतो आणि राख राखाडी, भुरुभुरु. पण आला परत केसाचाच वास. मास्टरजींनी माझ्याकडे बघितलं. दुसरा धागा पेटवला, तिसरा पेटवला. सगळे तसेच. सिल्क बाय सिल्क! आणि निकाहाला नऊ दिवस.

होलसेलवाला म्हणाला कापलेला माल परत होत नाही, आणि उलट तुम्हाला भारीतला दिला, तक्रार कशाची. बरोबर आहे त्याचं त्याच्या हिशोबाने, भारीतलाच होता.

आता इथे खरी केस सुरू होते. माझ्यासमोर रस्ते होते ते असे की एक, गप्प बसायचं. कोणाला कळणार होतं? मनात आलं, खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण ज्या म्हाताऱ्याने बोटांनी चुरगाळून रेशीम ओळखलं त्याच्यासमोर ट्रायलला ते ठेवायचं, आणि नाही ओळखलं तरी मुलगा ते घालून निकाहाला बसणार, माझ्या भरवशावर. नाही जमलं मनाला. दुसरा म्हणजे आत सुती अस्तर लावून अंगाला रेशीम लागत नाही म्हणायचं. मास्टरजी म्हणाले असं चालत नाही, वरचं कापड रेशमी ते रेशमीच. तिसरा, नवीन कापड आणायचं आणि कापलेलं आमच्या खात्यात टाकायचं. मी बाजींना फोन करून सरळ सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "टाइम पे हो जाएगा ना?" हेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याचा घास पण न खाता मी, मास्टरजी आणि मुलीचे मामा (ते म्हणाले मी पण येतो, घरी बसून काय करू) महेश्वरला निघालो, ९० किलोमीटर, महू मानपूर धामनोद करत. मामा गाडीत माझ्या मराठीला हसत होते. "ताई, तुम्ही 'माझ्याच्याने होणार नाही' म्हणता, 'मी तिकडून आली' म्हणता, हे कुठलं मराठी?" मी म्हटलं हे होळकरांचं मराठी, तुमच्यापेक्षा जास्त प्रवास केलंय.

महेश्वरला विणकर बरेचसे अंसारी मुसलमान, अहिल्याबाईंच्या शहरात त्यांच्या नावाने चालणाऱ्या साड्या विणणारे. मागावर जाऊन बघितलं की फसायचा प्रश्नच नाही, धोट्यातली कांडी हातात घेतली, सूतच होतं. तयार थानातलं ऑफव्हाइट मिळालं पण एकदम पातळ, शेरवानीला दुहेरी घ्यावं लागणार, आत कॅनव्हास आणि सुती अस्तर. घेतलं. किनारीची जर टेस्टेड होती म्हणजे तांब्याची, सोन्याची नाही, ते पण विचारून घेतलं, आता मी सगळंच विचारत होते.

परत येताना मामांनी बॉम्ब टाकला. म्हणाले, ताई, दादाअब्बा हनफ़ी आहेत, आम्ही कोकणी लोक शाफ़ई, सुन्नीच पण नियम दुसऱ्या इमामांचे. आमच्याकडे ताणा बाणा बघत नाहीत, वजन बघतात. रेशीम निम्म्याहून जास्त भरलं तर नाही चालत, निम्मं किंवा कमी असेल तर चालतं. मी म्हटलं, मामा, नवरदेव तुमचा नाही ना, तो हनफ़ी आहे ना? हो म्हणाले, त्याला त्याचा नियम, मी काही अडवत नाही, पण आमच्याकडचे चार म्हातारे पंगतीत विचारणार, मला उत्तर पाहिजे.

म्हणून मग संध्याकाळी दुकानात सहा इंच बाय सहा इंचाचा तुकडा घेऊन मास्टरजी, मी आणि काजबटणवाली मुलगी, तिघं धागे उसवत बसलो. पाऊण तास. उभे एका कागदावर, आडवे दुसऱ्या कागदावर, पंखा बंद, कोणी शिंकायचं नाही. ते पुड्या बांधून सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे नेलं, तो दुकान आवरत होता, बाहेर चाटवाले ठेले लावायला आले होते. त्याने आधी माझ्याकडे बघितलं की बाईंना झालंय काय, मग सोन्याच्या काट्यावर ठेवलं. रेशीम ०.४९ ग्रॅम. सूत ०.७४. मामांनी फोटो काढला काट्याचा. मग तिथेच त्यांनी नवऱ्या मुलासाठी चांदीची अंगठी बघितली कारण सोन्याची देता येत नाही, आणि तीही हनफ़ी हिशोबाने एका मिस्क़ालच्या आत पाहिजे म्हणजे ४.३७ ग्रॅमच्या आत. सोनाराचा धंदा झाला बिचाऱ्याचा, फुकट वजन केलं होतं त्याने.

शेरवानीचा प्रश्न इथे सुटला. म्हणजे पायजम्याचं राहिलं होतं, मुलाला चुडीदार पाहिजे होता, घोट्यावर चुण्या पडलेला. घोट्याखाली जे लटकतं ते आगीत, अशी बुखारीतली (हदीसांचा मोठा संग्रह) हदीस आहे, काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात की ते घमेंडीने लांब सोडणाऱ्यासाठी आहे, पण दादाअब्बांशी वाद कोण घालणार. मास्टरजींनी सरळ पायजमा केला, घोट्याच्या वर दोन बोटं. गंमत अशी की बायकांना उलट सांगितलंय, खाली सोडा, वीतभर, पाय उघडे पडत असतील तर हातभर. आणि मित्रांना केशरी साफा पाहिजे होता कारण आमच्या माळव्यात नवरदेव म्हटला की केशरी, तिथे फिकट हिरव्यावर तडजोड झाली.

आता ते कापलेलं रेशीम. टेबलाखाली गुंडाळून ठेवलेलं, माझं ४४०० रुपयांचं दुःख. नवऱ्या मुलाची बहीण ट्रायलला आली, तिने ओढून बाहेर काढलं, अंगाला लावून आरशात बघितलं आणि म्हणाली, "आंटी, ये मुझे दे दो, मुझे यही लॉन्ग जैकेट बना दो." मी खूश. बायकांना रेशीम हलाल, प्रश्नच मिटला! पण बाजी म्हणाल्या, थांबा. कपडा तर ठीक, पण कट मर्दाना आहे. हज़रत इब्न अब्बासांची हदीस आहे, बायकांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या बायकांवर लानत.

म्हणजे बघा कसं झालं. कापड भावाला चालत नाही, बहिणीला चालतं. कट भावाला चालतो, बहिणीला चालत नाही. एकाच टेबलावरच्या त्याच सहा तुकड्यांचं.

बाजींनी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर. मला वाटलं हो किंवा नाही येईल. ते म्हणाले, नक्कल म्हणजे जे कपडे त्या शहरात, त्या काळात फक्त पुरुषांचेच समजले जातात ते. कपड्याची ठेवण गावागावाच्या रिवाजाप्रमाणे वेगळी असते, हे इब्न हजर नावाच्या आलिमांनीही लिहिलंय, कैरोत, पंधराव्या शतकात, बुखारीवरच्या भाष्यात, की काही लोकांमध्ये तर बायका आणि पुरुषांचा पोशाख सारखाच असतो, फरक फक्त बायका झाकून घेतात एवढाच. तर इंदूरमध्ये असं जॅकेट बायका घालतात का? आणि मग म्हणाले, "ये मैं क्या बताऊँ, ये तो टेलर से पूछिए."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी ऑर्डर बुक काढलं. खरंच काढलं, अंदाजाने बोलले नाही. दोन वर्षांत बायकांसाठी शिवलेली अचकन कटची लांब जॅकेटं मोजली, ३१. त्यात खजरान्यातल्याच ९, आणि त्यातली एक तर बाजींच्या नणंदेची! मी मोठ्याने वाचलं. इमामसाहेब तिकडून हसले. म्हणाले मग कट दोघांचा झाला, पण अगदी पुरुषाचं म्हणून ओळखू येणार नाही एवढा फरक ठेवा, अंगाला घट्ट नको, आरपार नको.

फरक काय ठेवायचा यावर मास्टरजींनी अर्धा तास घेतला. काजं अजून पाडली नव्हती म्हणून पल्ला फिरवता आला, पुरुषांच्यात डावा पल्ला वर येतो, बायकांच्यात उजवा. हे साहेबाच्या टेलरिंगबरोबर आलेलं आहे, शरीयतीत कुठे नाही आणि आपल्या कुठल्या शास्त्रातही नाही, पण आज कोणालाही विचारा, उलटा पल्ला दिसला की म्हणतील लेडीज आहे. मुघलांच्या वेळी तर जामा मुसलमान उजवीकडे बांधायचे आणि हिंदू डावीकडे, म्हणजे तेव्हा पल्ल्यावरून धर्म कळायचा, आता बाई का पुरुष ते कळतं. छातीचा खिसा काढून टाकला. खांद्याचं पॅडिंग नाही. पाठीला प्रिन्सेस कट घालून मग पुन्हा ढिलं केलं कारण घट्ट नको होतं, तर मास्टरजी म्हणाले मग घातला कशाला, मी म्हटलं दिसायला. कॉलर उभीच ठेवली, त्यावर मुलगी अडून बसली होती.

माझी आजी आठवली मला. नऊवारी, मागे काष्टा. आजोबांचं धोतर, मागे काष्टा. दोघं एकामागोमाग देवळात चालले की पाठीमागून कमरेखाली फरक तो काय, रंगाचा. कोणी कधी म्हटलं नाही की आजीने आजोबांची नक्कल केली.

आणि एक काम अजून झालं त्या रेशमाचं. हदीसमध्ये पुरुषाला रेशमाची सूट आहे दोन, तीन, चार बोटं रुंद, किनारीला वगैरे. मास्टरजींनी कातरणीतून पट्ट्या काढून मुलाच्या नव्या शेरवानीच्या कॉलरला आणि मनगटाला लावल्या. मी म्हटलं टेपने मोजा, ते म्हणाले टेप नाही, बोटं. कुणाची बोटं? त्यांची चार बोटं तीन इंच भरतात, मुलाची सव्वातीन. त्यांनी सेफ म्हणून अडीच इंचच ठेवलं. शाफ़ई मामांना पण ते चालत होतं, मी आधीच विचारून घेतलं.

शेरवानी निकाहाच्या आदल्या रात्री पावणेअकराला गेली. शिलाईचे पूर्ण पैसे मिळाले, नव्या कापडाचे पण, जॅकेटच्या कापडाचे बाजींनी निम्मे दिले, मी मागितले नव्हते. महेश्वरचं पेट्रोल माझं. होलसेलवाल्याकडून अजून माल घेते, पण बिलावर 'ताणा सिल्क, बाणा कॉटन' लिहून घेते आणि पुरुषाच्या मुसलमान ऑर्डरला कापायच्या आधी काडी लावते, आधी, नंतर नाही. ऑर्डर बुकात आता एक जास्तीचा रकाना आहे, रेशीम चालेल का, हो/नाही/बाणा बघून.

साडेसहातले अडीच मीटर न कापलेले उरले होते. महिन्याने स्टॉकची वही बघितली तर तिथे मास्टरजींच्या अक्षरात उर्दूत एक ओळ, मला वाचता येत नाही, विचारलं तर म्हणाले, "अण्णा का है, पूजा का." किनार दुमडून उपरणं करून ठेवलं होतं कपाटात. असली रेशीम, ताणा पण बाणा पण. अण्णांनी चतुर्थीला घेतलं अंगावर आणि दोनदा तक्रार केली की फार गुळगुळीत आहे, आरती करताना खांद्यावरून घसरतं.